उपहास आणि उपासना

एखाद्या राज्यकर्त्यानें विडंबन जाळलें तर त्यास आपण अन्याय म्हणतों, आणि एखाद्या राज्यकर्त्यानें विडंबनाच्या गळ्यांत हार घातला तर त्यास गुणग्राहकता म्हणतों. परंतु या दोन्ही प्रसंगीं विडंबनाचें स्वतःचें काय झालें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पहिल्या प्रसंगीं तें लोकांपुढें येऊंच दिलें गेलें नाहीं; दुसऱ्या प्रसंगीं तें सर्वांपुढें आलें, सर्वांस आवडलें, आणि बहुधा कोणासच लागलें नाहीं. पहिल्या गतीची चर्चा पुष्कळ झाली आहे व ती होणें योग्यच होतें. दुसऱ्या गतीकडे मात्र फारसें लक्ष गेलेलें नाहीं. तिचाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या दोन्ही गतींचीं उदाहरणें आपल्याच देशांत घडलीं आहेत. अमृत नाहाटा हे काँग्रेस पक्षाचे खासदार. त्यांनीं 'किस्सा कुर्सी का' हा राजकीय विडंबनपट तयार करून १९७५ च्या एप्रिल महिन्यांत परिनिरीक्षण मंडळापुढें ठेविला. जून महिन्यांत आणीबाणी पुकारली गेली. चित्रपट सरकारच्या ताब्यांत गेला, आणि त्याच्या प्रती नाहींशा झाल्या. त्या जाळून टाकल्याबद्दल पुढें खटला चालला. १९७९ सालीं दिल्लीच्या न्यायालयानें संजय गांधी व विद्याचरण शुक्ल यांस शिक्षा सांगितली, आणि १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. आणीबाणी उठल्यावर नाहाटांनीं तो चित्रपट नव्यानें काढून लोकांपुढें आणला. परंतु जाळला गेल्यामुळें ज्याचें नांव देशभर झालें होतें त्याला प्रेक्षक कांहीं लाभले नाहींत. लोकांस त्याच्या जळण्याचें मोल कळलें होतें. त्याच्या बोलण्याची ओढ मात्र त्यांस वाटली नाहीं.

याच्या उलट गति 'देऊळ' या मराठी बोलपटाची. उमेश कुलकर्णी यांनीं दिग्दर्शित केलेला व गिरीश कुलकर्णी यांनीं लिहिलेला हा चित्रपट नोव्हेंबर २०११ मध्यें प्रदर्शित झाला. गांवचें राजकारण, पुढाऱ्यांची सोय, वर्तमानपत्रांची हांव आणि देवाच्या नांवावर चालणारा बाजार यांची त्यांत मनसोक्त टोपी उडविली आहे. २०१२ सालीं दिल्या गेलेल्या एकुणसाठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'ब्यारी' या चित्रपटासमवेत त्यास विभागून मिळाला. शिवाय गिरीश कुलकर्णी यांस अभिनयाबद्दल व संवादांबद्दल असे दोन सन्मान निराळे मिळाले. समीक्षकांनीं वाखाणणी केली, प्रेक्षकांनीं चित्रपटगृहें भरलीं, सरकारनें पदक दिलें. ज्या सत्तेच्या रीतिभातीवर कोरडे ओढले, तिनेंच पाठ थोपटली. यांत सत्तेची उदारता आहे असें म्हणतां येईल. पण कोरडा खरोखर पाठीवर बसला कीं नाहीं, अशी शंकाही घेतां येईल.

चित्रपटाचें कथानक वाचकांच्या स्मरणांत असेलच. तरी पुढील विवेचनापुरतें तें सांगणें अवश्य आहे. मंगरूळ नांवाच्या एका आडगांवीं केशा नांवाचा साधाभोळा तरुण गांवच्या पुढाऱ्याकडे, म्हणजे भाऊ गलांडे यांजकडे, चाकरीस आहे. हरवलेल्या गाईच्या शोधांत माळावर भटकून तो दमतो, झाडाखालीं त्याचा डोळा लागतो, आणि त्यास दत्ताचें दर्शन घडतें. आनंदाच्या भरांत तो तें गांवांत सांगतो. अण्णा नांवाचे एक सुशिक्षित, वयस्क गृहस्थ त्यास सांगतात कीं, ही तुझी अंतरीची ठेव आहे, ती मिरवूं नकोस. परंतु तोंपर्यंत गोष्ट केशाच्या हातांतून सुटलेली असते. गांवांतील रिकामटेकडे तरुण ती उचलतात. बातमीदार तिला पंख लावतो. अण्णांच्या मनांत गांवासाठीं रुग्णालय व्हावें असें असतें, तें मागें पडून देवळाची मागणी पुढें येते. आणि भाऊ वारा ओळखून देवळाच्या बाजूस उभे राहतात. देऊळ उठतें, दुकानें उठतात, रांगा लागतात, गांवाचें नशीब पालटतें. शेवटीं ज्यास दर्शन झालें तो केशाच त्या गजबजाटांत परका होतो. तो मूर्ति उचलून नदीच्या स्वाधीन करितो. गांव मात्र थांबत नाहीं. दुसरी मूर्ति येते, आणि सोहळा पुढें चालूं राहतो.

आतां या चित्रपटाच्या स्वागताकडे वळूं. अशा विडंबनाचें स्वागत आपल्याकडे तीन प्रकारांनीं होतें, व 'देऊळ' त्यास अपवाद नाहीं. पहिला प्रकार दुखावलेल्या भाविकाचा. तो म्हणतो, देवाची थट्टा कशास? दुसरा प्रकार आनंदलेल्या बुद्धिवाद्याचा. तो म्हणतो, बरें झालें, भोळ्या लोकांचे डोळे आतां तरी उघडतील. तिसरा प्रकार रसिक समीक्षकाचा. तो अभिनय, छायाचित्रण, संवादांतील बोलीभाषेचा कस, उत्तरार्धांतील पाल्हाळ यांचें माप घेतो आणि गुणांची बेरीज करून मोकळा होतो. तिघांचें म्हणणें परस्परांपासून भिन्न दिसतें. परंतु एका बाबतींत तिघांचें पूर्ण ऐकमत्य आहे. भाविकास वाटतें, हें माझ्याविरुद्ध आहे, म्हणून मी ऐकणार नाहीं. बुद्धिवाद्यास वाटतें, हें दुसऱ्याविरुद्ध आहे, म्हणून मी हंसणार. समीक्षकास वाटतें, हें कोणाविरुद्धही नाहीं, ही एक कलाकृति आहे. आपण स्वतः त्या कथेंत कोठें उभे आहोंत, हें तिघांपैकीं एकही विचारीत नाहीं.

हा प्रश्न पुण्यामुंबईच्या प्रेक्षागृहांत बसून सोडवितां येण्यासारखा नाहीं, असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं जेथें दत्ताचें देऊळ खरोखरच गांवाच्या मध्यभागीं आहे अशा ठिकाणाचा विचार करावयास हवा. वाशिम जिल्ह्यांतील कारंजा लाड हें असें ठिकाण आहे. दत्तसंप्रदायांत दत्ताचा दुसरा अवतार मानले गेलेले नृसिंह सरस्वती यांचा जन्म चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें झाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. सरस्वती गंगाधर यांच्या 'गुरुचरित्रां'त त्यांच्या बाळपणाची कथा आली आहे. मुंज होईपर्यंत ॐकाराखेरीज दुसरा शब्द न उच्चारणारा हा मुलगा पुढें घर सोडून काशीस गेला, संन्यासी झाला, आणि आईस दिलेल्या वचनाप्रमाणें तीस वर्षांनीं एकदां येऊन भेटून गेला. त्यांचा पुढील वास औदुंबर, नरसोबाची वाडी आणि गाणगापूर येथें झाला. जन्मस्थानीं आज दिसणारें मंदिर हें त्यांच्यानंतर कित्येक शतकांनीं, विसाव्या शतकांत, उभें राहिलेलें आहे. ज्यानें घर सोडलें त्याच्या घराचें देऊळ झालें. कारंज्याच्या दक्षिणेस मंगरूळपीर हा शेजारचा तालुका आहे. चित्रपटांतील मंगरूळ तें नव्हे, तें कल्पित आहे. पण नांवांचें हें सादृश्य कारंज्याच्या प्रेक्षकास क्षणभर चपापून टाकण्यास पुरेसें आहे.

अशा गांवीं पहिल्या प्रकारच्या प्रेक्षकाचें, म्हणजे दुखावलेल्या भाविकाचें, म्हणणें हंसून उडवून देतां येत नाहीं. गुरुप्रतिपदेस दूरच्या खेड्यांतून येऊन दर्शन घेणारी म्हातारी कोणाचा बाजार मांडावयास आलेली नसते. तिच्या आयुष्यांत जें थोडें स्थिर आहे तें ती येथें शोधते. तिच्या डोळ्यांदेखत देवाच्या नांवानें हंशा पिकला तर तिला वाटणारी वेदना ही अज्ञानाची खूण नव्हे. शिवाय विडंबनानें निरपराध्यास इजा होतच नाहीं, असें मानण्यास इतिहास आधार देत नाहीं. ख्रिस्तपूर्व ४२३ मध्यें अ‍ॅरिस्टोफेनीसनें आपल्या 'मेघ' या नाटकांत सॉक्रेटिसास ढगांची पूजा करणारा व खोट्याचें खरें करण्यास शिकविणारा शब्दपंडित म्हणून रंगविलें. अथेन्सचे लोक हंसले. चोवीस वर्षांनीं सॉक्रेटिसावर देहान्ताचा खटला चालला. तेव्हांच्या त्याच्या भाषणाचा जो वृत्तान्त प्लेटोनें दिला आहे त्यांत, आपल्याविषयींच्या जुन्या दुष्ट ग्रहाच्या मुळाशीं तें प्रहसन आहे, असें सॉक्रेटिस सांगतो. एका सायंकाळच्या हंशाचा हिशेब कधीं, कोठें आणि कोणाच्या नांवें निघेल, तें हंसणाऱ्यास ठाऊक नसतें.

तेव्हां विडंबन न्याय्य केव्हां व अन्याय्य केव्हां, याचा कांहीं निकष हवा. सामान्यतः असें सांगितलें जातें कीं, श्रद्धेचा उपहास करूं नये, तिच्या व्यापाराचा करावा. हा निकष ऐकावयास सोपा आहे, आणि 'देऊळ' त्यास उतरतो हेंही खरें. केशास झालेल्या दर्शनाची चित्रपटांत कोठेंही चेष्टा नाहीं. उलट संबंध गांवांत देवाशीं ज्याचें खरें नातें आहे असा तोच एक आहे, आणि देऊळ झाल्यावर निराश्रित होतो तोही तोच. परंतु श्रद्धा आणि तिचा व्यापार यांमध्यें रेघ ओढावयास जो बसेल त्यास कारंज्यासारख्या गांवीं लौकरच अडचण पडेल. हार विकणारी बाई व्यापारांत मोडते कीं श्रद्धेंत? यात्रेकरूंस खोली देणारा, प्रसादाचे पेढे वळणारा, स्थानकावरून मंदिरापर्यंत रिक्षा चालविणारा, यांस कोणत्या बाजूस बसवावयाचें? ज्या प्रदेशांत कापसाच्या भावावर वर्षाचें सुखदुःख ठरतें, तेथें देवाच्या दारीं येणारा यात्रेकरू हें पावसावर अवलंबून नसलेलें एक पीक आहे. तें काढणाऱ्यास ढोंगी म्हणण्याचा अधिकार महिन्याच्या एक तारखेस पगार घेणाऱ्यास आहे काय?

येथेंच त्या चित्रपटाचें खरें बळ आहे, आणि येथेंच त्याच्या स्तुतिपाठकांची त्यावरील पकड सुटते. 'देऊळ' मध्यें खलनायक नाहीं. भाऊ लबाड आहेत, पण दुष्ट नाहींत. गांवाचें भलें व्हावें असें त्यांसही वाटतें, फक्त तें आपल्या हातून व आपल्या सोयीनें व्हावें एवढीच त्यांची अट असते. गांवकऱ्यांची मागणीही निव्वळ मूर्खपणाची नाहीं. रुग्णालय झालें तर आजारी माणूस बरा होईल. पण देऊळ झालें तर रस्ता होईल, दुकान निघेल, मुलास धंदा मिळेल, आणि ज्या गांवाचें नांव तालुक्यांतही कोणास ठाऊक नव्हतें तें नकाशावर येईल. शिवाय रुग्णालय कोणी तरी मंजूर करावें लागतें. देऊळ गांवास आपलें आपण बांधतां येतें. ज्या राज्यव्यवस्थेंत दवाखान्यासाठीं वर्षानुवर्षें अर्ज करावे लागतात आणि देवळासाठीं रस्ता महिन्याभरांत होतो, तेथें गांवानें देऊळ निवडलें तर वेडें कोण, गांव कीं व्यवस्था? केशाच्या भोळेपणास जो हंसला त्यानें चित्रपट अर्धाच पाहिला. गांवाच्या शहाणपणाची ज्यास भीति वाटली त्यानें तो पुरा पाहिला.

दुसरा एक निकष सुचविला जातो तो असा कीं, जो स्वतःच्या घरास हंसतो तो विडंबनकार, आणि जो शेजाऱ्याच्या घरास हंसतो तो निंदक. हा निकष अधिक खोल आहे, आणि तो तपासून पाहण्यासही कारंज्याहून चांगलें ठिकाण नाहीं. कारण कारंजें हें केवळ दत्ताचें क्षेत्र नव्हे. तें दिगंबर जैनांचें फार जुनें विद्यापीठ आहे. येथील मंदिरांच्या ग्रंथभांडारांत हस्तलिखितें शतकानुशतकें जपलीं गेलीं, आणि विसाव्या शतकांत त्यांतून अपभ्रंश वाङ्मयाचें एक दालनच उघडलें. पुष्पदंताचें 'जसहरचरिउ' हें काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनीं संपादिलें, तें १९३१ सालीं कारंज्याच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध झालें. त्याच कवीचें 'णायकुमारचरिउ' प्रा. हिरालाल जैन यांनीं १९३३ सालीं प्रकाशांत आणलें. जैन वाङ्मयांत धर्मविषयक उपहासाची एक स्वतंत्र परंपरा आहे. हरिषेणानें 'धम्मपरिक्खा' नांवाचा असा एक ग्रंथ विक्रम संवत् १०४४ मध्यें, म्हणजे दहाव्या शतकाच्या अखेरीस, अचलपूर येथें रचिला; हें अचलपूर वऱ्हाडांतलेंच असें मानलें जातें. त्याची युक्ति मोठी मौजेची आहे. दोन मित्र पाटलिपुत्रास जाऊन ब्राह्मणांच्या सभेंत अशक्य कोटींतल्या गोष्टी सांगतात. सभा अविश्वास दाखविते. तेव्हां ते सभेच्याच पुराणांतून तशाच गोष्टी काढून समोर ठेवितात. युक्तिवाद चोख आहे, विनोद अस्सल आहे. पण दिशा शेजाऱ्याच्या घराकडे आहे. हंसणारा आपल्या अंगणांत सुरक्षित उभा आहे.

त्याच कारंज्याच्या मालेंतील 'जसहरचरिउ' मात्र निराळीच गोष्ट शिकवितें. तींत राजा यशोधर जिवंत प्राण्याचा बळी देण्यास कचरतो, आणि तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतो. कोंबडा खोटा, रक्त नाहीं, जीव नाहीं, वेदना नाहीं. तरी त्या कृत्याचें फळ त्यास व त्याच्या मातेस जन्मोजन्मीं पशुयोनींत भोगावें लागतें. कारण हात खोट्यावर चालला तरी मनांतला संकल्प खरा होता. या कथेचा धर्मशास्त्रीय अर्थ कांहीं असो. आपल्या प्रश्नापुरता तिचा अर्थ मोठा मार्मिक आहे. प्रेक्षक म्हणतो, हा तर पडद्यावरचा खेळ. गांव खोटें, पुढारी खोटा, मूर्तीही खोटी. मग माझ्या हंसण्यास जबाबदारी कसली? यशोधराची कथा त्यास उत्तर देते कीं, कोंबडा पिठाचा असेल, हंसणें पिठाचें नव्हतें. खोट्या गांवास पाहून जो खरा तुच्छभाव मनांत उठला, तो प्रेक्षागृहाबाहेर पडल्यावर खऱ्या गांवाच्याच वांट्यास येतो. आणि खोट्या पुढाऱ्यास हंसून जें खरें समाधान मिळालें, तें खऱ्या पुढाऱ्यापुढें उभें राहण्याची गरजच संपवून टाकतें.

हा शेवटचा मुद्दा थोडा विस्तारानें पाहिला पाहिजे, कारण सत्काराचा धोका त्यांतच आहे. हंसण्यानें मन हलकें होतें, हें सर्वमान्य आहे. परंतु जें ओझें वाहून न्यावयाचें होतें तें हंसून खालीं टाकलें, तर त्यास हलकें होणें म्हणावें कीं कर्तव्यच्युति? ज्याच्यावर टीका झाली तोच पुढच्या रांगेंत बसून टाळ्या वाजवितो, तेव्हां त्या टाळ्या त्यास निर्दोष ठरवितात. जो हंसूं शकतो तो दोषी कसा असेल, असें इतरांस वाटतें. विडंबनाचें लक्ष भलतीकडे वळविण्याच्या आणखीही वाटा आहेत. १९३८ सालीं आचार्य अत्रे यांच्या लेखणींतून उतरलेला व मास्टर विनायक यांनीं दिग्दर्शित केलेला 'ब्रह्मचारी' हा बोलपट म्हणजे त्या काळच्या ब्रह्मचर्याच्या आणि बलोपासनेच्या देखाव्यावर केलेला हल्ला होता. आज त्याचें नांव निघालें कीं प्रथम आठवण निघते ती मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोषाखाची. आणि हास्याची पोंच कोठें संपते तें चार्ली चॅप्लिनच्या अनुभवावरून समजतें. १९४० सालीं त्यानें 'ग्रेट डिक्टेटर' मध्यें हिटलरची जगभर टर उडविली. पुढें १९६४ च्या आत्मचरित्रांत त्यानें लिहून ठेविलें कीं, छळछावण्यांतील प्रत्यक्ष भीषणता आपणांस तेव्हां ठाऊक असती तर तो चित्रपट आपल्या हातून झालाच नसता. ज्यानें एवढ्या धैर्यानें हंसविलें, त्यालाच हंसण्याची मर्यादा इतकी स्पष्ट दिसली, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे.

यावर कोणी म्हणेल, मग विडंबन करूंच नये काय? भाविक दुखावतो, बुद्धिवादी फुगतो, सत्ता पदक देऊन तें पचविते. मग त्याचा उपयोग तरी काय? हा आक्षेप मान्य करण्याचें कारण नाहीं. कारण विडंबनाचें योग्य स्वागत कसें होऊं शकतें याचा आदर्श याच वऱ्हाडांत, आणि तोही चित्रपटाहून जुन्या रंगभूमीवर, होऊन गेला आहे. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ मध्यें अमरावती जिल्ह्यांतला. बाळपण मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरें येथें मामाच्या घरीं गेलें. मूर्तिजापूर म्हणजे कारंज्याचा शेजार. त्यांच्या कीर्तनाची रीत सर्वश्रुत आहे. देवास स्नान कोण घालतो, वस्त्र कोण नेसवितो, नैवेद्यावर कुत्रें आलें तर हाकलतो कोण, असे प्रश्न ते समोरच्या हजारों माणसांस विचारीत आणि उत्तर वदवून घेत. हंशा उसळे. ज्या देवाच्या यात्रेस लोक आलेले असत त्याच देवाच्या दारांत हा उपहास चाले. तरी तो ऐकून कोणी उठून गेलें नाहीं. याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. कीर्तनापूर्वीं दिवसभर तो मनुष्य त्याच गांवाचे रस्ते हातांत झाडू घेऊन झाडीत असे. ज्यांस तो हंसे त्यांचीच घाण त्यानें आधीं उचललेली असे. आणि प्रश्नाचें उत्तर श्रोत्यास स्वतःच्या तोंडानें द्यावें लागे; त्यामुळें हंसणारा आणि हंसलें जाणारा असे दोन निराळे पक्ष त्या मंडपांत उरतच नसत.

'देऊळ' सारख्या चित्रपटास हें भाग्य लाभण्यास अडचण अशी कीं, प्रेक्षागृहांत अंधार असतो. कोण कशास हंसला, तें कोणी पाहत नाहीं. प्रश्न विचारणारा पडद्यावर आहे, त्यास उत्तर द्यावें लागत नाहीं. कीर्तनांत जें काम झाडू करी आणि प्रश्नोत्तरें करीत, तें येथें समीक्षकानें करावयाचें असतें. म्हणून विडंबनपटाच्या परीक्षणांत कलागुणांची वजाबाकी-बेरीज पुरेशी नाहीं. नाना पाटेकर यांचे भाऊ किती अस्सल उतरले आहेत, दिलीप प्रभावळकर यांचे अण्णा किती संयत आहेत, हें सांगितलें पाहिजेच. पण भाऊंचा अस्सलपणा आपणांस इतका चटकन् ओळखीचा कां वाटला, हेंही विचारलें पाहिजे. भाऊ आपल्या परिचयाचे आहेत, कारण मत देऊन त्यांस आपणच वाढविलें आहे. बातमीदार आपल्या परिचयाचा आहे, कारण दर्शनाची बातमी आपण वाचतों व रुग्णालयाची वाचीत नाहीं. आणि अण्णा? अण्णांस चित्रपटानें सहानुभूति दिली आहे, पण सूटही दिलेली नाहीं. आपलें म्हणणें खरें असून गांवास तें पटवितां आलें नाहीं, हें सुशिक्षित मनुष्याचें अपयश आहे. केवळ गांवाचें दुर्दैव नव्हे. बुद्धिवादी प्रेक्षकानें आपलें चित्र केशामध्यें किंवा भाऊंमध्यें न शोधतां अण्णांमध्यें शोधावें; म्हणजे त्याचा आनंद जरा आवरेल.

भाविक प्रेक्षकासही एक विनंती करावीशी वाटते. दत्तसंप्रदायाच्या स्थानांत मूर्तीपेक्षां पादुकांचें महत्त्व अधिक आहे. वाडीस मनोहर पादुका, औदुंबरास विमल पादुका, गाणगापुरास निर्गुण पादुका. पादुका म्हणजे जो येथें होता आणि पुढें गेला त्याची खूण. परंपरेनें जणुं भक्तांस बजावूनच ठेविलें आहे कीं, ज्याची पूजा करितां तो या गाभाऱ्यांत कोंडून ठेवितां येण्यासारखा नाहीं. केशानें मूर्ति नदींत सोडली ती देवाचा अवमान म्हणून नव्हे. बाजारांत सांपडलेल्या देवास त्यानें मोकळें केलें. ज्यास हें दृश्य पाहून वेदना झाली त्यानें ती वेदना जपून ठेवावी, पण ती कोणावर रोखावी याचा पुन्हां विचार करावा. मूर्ति नदींत गेली म्हणून दुःख व्हावयाचें, कीं ती गेल्याचें गांवास कांहींच न वाटतां दुसरी आणली गेली म्हणून? पहिलें दुःख भाविकास चित्रपटाचा शत्रु बनवील. दुसरें त्यास त्याचा सर्वांत जवळचा वाचक बनवील. कदाचित् या चित्रपटाचा खरा अर्थ बुद्धिवाद्यापेक्षां त्या म्हाताऱ्या यात्रेकरणीसच अधिक कळण्याचा संभव आहे; कारण देवाशीं आपलें काय नातें आहे हें तिला ठाऊक आहे, आणि रांगेंतल्या गोंगाटानें त्याचें काय होतें हेंही तिनें सोसलेलें आहे.

तात्पर्य, विडंबनाचें मोल त्यावर पडलेल्या बंदीनें ठरत नाहीं आणि त्यास मिळालेल्या पदकानेंही ठरत नाहीं. बंदीनें तें हुतात्मा होतें, पदकानें तें मूर्ति होतें. आणि दुसऱ्या मूर्तीची स्थापना किती थाटानें व किती सहज होते, हें त्या चित्रपटानेंच दाखविलें आहे. 'देऊळ' मधील मंगरूळ गांवानें जें दत्ताचें केलें तेंच आपण 'देऊळ' चें केलें, असें होऊं द्यावयाचें नसेल तर उपाय एकच आहे, आणि तो फारसा मोठा नाहीं. हंसून झाल्यावर, दिवे लागल्यावर, प्रत्येकानें आपल्या गांवांतील रुग्णालयाचा अर्ज कोठें अडला आहे, तेवढें विचारून यावें.